नवी म्युझिक सिस्टीम बसवली आणि बॅटरी उतरायला लागली: आधी काय तपासायचं

कांदिवलीच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅकमध्ये त्यांनी महिन्यापूर्वी अँड्रॉइडची टचस्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला. तेव्हापासून चार तक्रारी आहेत. रविवारी रात्री उभी केलेली गाडी पुढच्या शनिवारी सकाळी सेल्फ घेत नाही. हेडलाइट लावले की स्क्रीन काळी पडते. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि इंजिनाबरोबर चढत जाते. शिवाय आतला दिवा आणि सेंट्रल लॉक बंद पडलंय. बसवणारा म्हणतो बॅटरी म्हातारी झाली, बॅटरीवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा) बघा, वर्कशॉपने अख्खं वायरिंग बदलायचा अंदाज हातात ठेवलाय. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात अशी, की तूर्त काहीही विकत घेऊ नका. बॅटरी नको, अल्टरनेटर नको आणि वायरिंग तर नकोच. गाडी महिन्यापूर्वीपर्यंत नीट चालत होती, मध्ये एकदाच डॅशबोर्ड उघडला गेला आणि चार गोष्टी एकदम बिघडल्या. अशा वेळी बिघाड नव्याने हात लागलेल्या जागीच असतो, आणि ती जागा म्हणजे स्टिरिओच्या मागचा वीतभर तारांचा जुडगा. ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात माझं आयुष्य गेलं. न मोजता बॅटरी बदलून आलेल्या आणि आठवड्याने पुन्हा बंद पडलेल्या गाड्या इतक्या पाहिल्यात, की या एका गोष्टीसाठी मी गिऱ्हाइकाशी वाद घालायलाही तयार असतो.

आधी तारांची ओळख करून घेऊ. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या जुडग्यात पिवळी तार म्हणजे कायमचा करंट. चावी काढली तरी ती चालू राहते. घड्याळ, स्टेशनं, सेटिंग हे सगळं तिच्यावर टिकतं आणि युनिटचा मुख्य करंटही तिच्यातूनच येतो. लाल म्हणजे ॲक्सेसरी: चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की हिच्यात करंट यायला हवा आणि चावी काढली की जायला हवा. काळी म्हणजे अर्थ, करंट पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी वाट. नारिंगी म्हणजे ‘दिवे लागले’ हे युनिटला कळवणारी तार. निळी अँटेनाच्या बूस्टरला किंवा ॲम्प्लिफायरला जागं करते. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या तारा, प्रत्येकीच्या जोडीला काळ्या रेघेची तीच तार. हे रंग स्टिरिओच्या बाजूचे झाले. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे तिथे रंगावर विसंबायचं नाही, मीटर लावूनच बघायचं.

मीटर म्हणजे मल्टीमीटर, साधा डिजिटल चालेल. लॅमिंग्टन रोडवर दुकानांच्या रांगा आहेत. फक्त १० अँपिअरचं वेगळं भोक असलेला घ्या. आणि एक गोष्ट जपा. करंट मोजायला लाल प्रोब त्या १० अँपिअरच्या भोकात लावला, मग तो तिथेच विसरून कुणी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघायला गेलं, तर तो थेट शॉर्ट असतो. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो. ठिणगी उडते, प्रोबची वायर हातात वितळते. करंट मोजून झाला की पहिलं काम म्हणजे प्रोब परत व्होल्टच्या भोकात.

आता बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काहीही चालू न करता दोन टोकांवर व्होल्टेज घ्या. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून पुन्हा बघा. १३.८ ते १४.४ मिळालं तर अल्टरनेटर चार्ज करतोय आणि बॅटरीवाल्याची शंका तिथेच मिटली. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमीजास्त करतो, तिथे आकडा थोडा हलेल. जुन्या हॅचबॅकमध्ये सहसा हलत नाही. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी ९.६ च्या खाली गेलं, तर बॅटरीचाही दोष आहे असं समजा. न भरलेल्या बॅटरीवर ही चाचणी करून निकाल काढू नका. बॅटरीच्या दुकानात नेमकं हेच होतं.

या तपासात बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही धड निघाले, आणि तुमच्या वर्णनावरून ते तसेच निघतील असं मला वाटतं, तर उरतो उभ्या गाडीतला गळका करंट. मुंबईत हा दोष फार लवकर उघडा पडतो, कारण आपल्याकडे गाडी पाच दिवस सोसायटीत उभी आणि माणूस लोकलमध्ये. रोज चालणाऱ्या गाडीत हाच दोष वर्षभर लपून राहिला असता. हिशोब करून बघा. छोट्या हॅचबॅकची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे एक अँपिअर ढोबळमानाने ३५ तास पुरवणारी. रविवारी रात्री ९ ते शनिवारी सकाळी ७ म्हणजे १३० तास. निरोगी गाडी उभी असताना ५० मिलिअँपिअरच्या आत खाते. ४० धरले तर १३० तासांत ५.२ अँपिअर-अवर गेले, सेल्फ आरामात लागतो. तेच स्टिरिओ नीट झोपत नसेल आणि एकूण खर्च २०० मिलिअँपिअर झाला, तर २६ अँपिअर-अवर गेले. उरलेल्या नऊवर सेल्फ फक्त टकटक करतो. दोनशे मिलिअँपिअर म्हणजे किती, तर दोन-अडीच वॉटचा दिवा. डॅशबोर्डच्या आत एवढं काही चालू असलं तरी बाहेरून अजिबात कळत नाही.

मोजायचं असं. चावी काढा, रिमोटची चावी असेल तर ती घरात ठेवून या. बॉनेट उघडं ठेवायचं आहे, आणि काही गाड्या उघडं बॉनेट किंवा दार ओळखून जाग्या राहतात, म्हणून त्यांचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ स्थितीत आणा. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी सोडवा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून पट्टी आणि निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये लावा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. गाडीचे मॉड्यूल, म्हणजे आतले छोटे कॉम्प्युटर, नुकतेच जागे झालेत. अर्धा तास थांबा. या काळात दार उघडायचं नाही आणि चावी फिरवायची नाही. सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, त्याचा करंट शेकड्यांत असतो आणि मीटर जळतो. आकडा स्थिर झाल्यावर ०.०५ (म्हणजे ५० मिलिअँपिअर) च्या खाली असेल तर गळती नाही. ०.२, ०.४ असं काही दिसलं, तर स्टिरिओच्या पिवळ्या तारेवरचा फ्यूज काढा. तो युनिटच्या पाठीवर किंवा जुडग्यातल्या छोट्या डबीत असतो. त्यासाठी स्टिरिओभोवतीची फ्रेम आधीच सैल करून ठेवलेली बरी, म्हणजे मोजताना दारांची उघडझाप होत नाही. फ्यूज काढताच आकडा धाडकन खाली आला तर चोर सापडला. नाही आला तर कॅमेरा आणि स्टेअरिंगच्या बटणांसाठी लावलेली कॅन डबी (गाडीच्या कॉम्प्युटरचे संदेश स्टिरिओला समजावणारी) एकेक करून सोडवा.

फ्यूज बॉक्समधले फ्यूज एकेक उपटून बघायची जुनी सवय मात्र सोडा. फ्यूज उपटला आणि परत बसवला की त्या फ्यूजवरचा मॉड्यूल पुन्हा जागा होतो, आणि मग आपण आपल्याच हाताने वाढवलेला आकडा बघत बसतो. त्याऐवजी फ्यूज जागेवरच ठेवून, त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टिंबांवर मिलिव्होल्टमध्ये मोजा. शून्य म्हणजे त्यातून करंट जात नाही. थोडे मिलिव्होल्ट दिसले की त्या वाटेवर काहीतरी चालू आहे.

आता स्टिरिओ का झोपत नाही ते पाहू. सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे लाल आणि पिवळी एकत्र पिळून दोन्ही कायमच्या करंटवर दिलेल्या असतात. ॲक्सेसरीची लाइन शोधायला पाच मिनिटं लागतात, ती वाचवली जातात. युनिट स्क्रीनवरच्या बटणाने बंद केलं की काळं दिसतं, पण आतून जागंच असतं. तपासायला सोपं आहे: चावी काढून लाल तारेवर मीटर व्होल्टमध्ये लावा. काहीच व्होल्टेज दिसता कामा नये. दिसलं तर तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटला. दुसरा प्रकार म्हणजे लाल तार सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून घेतलेली असते. बहुतेक गाड्यांत ते सॉकेट चावीबरोबर बंद होतं, काहींत कायम चालू असतं, म्हणून ‘लायटरवरून घेतलंय’ हे उत्तर पुरेसं नाही. काही नव्या गाड्यांत तर स्टिरिओच्या कपलरवर (तारा जोडायच्या प्लगवर) ॲक्सेसरीची तारच येत नाही. चावी फिरल्याची खबर कॅन लाइनवरून येते आणि तिथे योग्य डीकोडर, म्हणजे वर सांगितलेली कॅन डबी, लागतेच.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या कपलरवर पिवळी आणि लाल यांच्या जागा उलट्या असतात. तुमची गाडी त्यातली नसेल, पण चावी काढल्यावर दर वेळी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जात असतील, तर कोणत्याही गाडीत पिवळीला कायमचा करंट मिळत नाहीये, बहुतेक अदलाबदल झालीय असं समजा.

तारा बरोबर असूनही करंट जात असेल तर युनिटच्या सेटिंगमध्ये जा. अँड्रॉइड युनिट पटकन चालू व्हावं म्हणून बरेच जण ते पूर्ण बंद न करता झोपवून ठेवतात. झोपण्याची मुदत किंवा चावी काढल्यावर लगेच बंद करण्याचा पर्याय फॅक्टरी सेटिंगच्या पानात असतो. ‘लगेच बंद’ निवडा. सकाळी स्क्रीन यायला अर्धा मिनिट लागेल, पण शनिवारी गाडी चालू होईल.

हेडलाइट आणि काळी स्क्रीन. इथे तारांना हात लावण्याआधी एकच गोष्ट ऐका: स्क्रीन काळी झाल्यावर गाणं चालू राहतं का? राहत असेल तर बिघाडच नाही. दिवे लागल्याची खबर नारिंगी तारेने दिली, युनिट रात्रीच्या प्रकाशमानावर गेलं आणि ते सेटिंगमध्ये शून्याजवळ ठेवलंय. ते वाढवा, काम संपलं. गाणं बंद पडून युनिट पहिल्यापासून चालू होत असेल तर मात्र अर्थ कच्चा आहे. आणि दिवे लावताच पार्किंग लाइटचा फ्यूज उडत असेल, तर नारिंगी तार कुठेतरी उघडी पडून पत्र्याला टेकतेय. सोडवून टोकाला स्लीव्ह घाला. तिच्यावाचून युनिटचं काही अडत नाही.

कच्च्या अर्थबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या चारपैकी दोन तक्रारी इथे येऊन मिळत असतील असा माझा अंदाज आहे. ठाण्याच्या एका गाडीत स्टिरिओची काळी तार युनिट धरणाऱ्या पट्टीच्या स्क्रूखाली दाबली होती. पट्टी प्लास्टिकच्या सांगाड्यावर होती, म्हणजे अर्थ जवळपास नव्हताच. तरीही स्टिरिओ वाजत होता. कसा? अँटेनाच्या केबलची बाहेरची जाळी छतावर पत्र्याला जोडलेली असते; सगळा करंट त्या केसाएवढ्या जाळीतून परत जात होता. अँटेनाचा प्लग हाताला गरम लागत होता आणि प्लग काढला की स्टिरिओ बंद. तुमच्याकडे हीच चाचणी करा: युनिट चालू ठेवून अँटेनाचा प्लग ओढा. आवाज गेला, स्क्रीन लुकलुकली, तर काळी तार आधी दुरुस्त करा.

मीटरने मोजायचं तर युनिट मोठ्या आवाजात चालू ठेवून, हेडलाइट लावून, काळ्या तारेचं टोक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज बघा. ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर काळी तार गाडीच्या मूळ कपलरमधल्या अर्थला जोडा, किंवा डॅशबोर्डच्या आतल्या लोखंडी आडव्या सळईवर रंग खरवडून, रिंग टर्मिनल लावून, नटबोल्टने आवळा. पायाशी असलेल्या अर्थच्या पॉइंटवर देऊ नका. पावसात तुंबलेलं मिलन सबवेचं किंवा हिंदमाताचं पाणी एकदा गाडीत आलं, की कार्पेट आठवडाभर ओलं राहतं आणि खालचा पॉइंट हिरवा पडतो.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी बहुतेक वेळा याच दुरुस्तीने जाते. अल्टरनेटरच्या करंटमधली लहर दोन वेगवेगळ्या अर्थच्या फरकातून आवाजात शिरते. तुमच्याकडे संशय घेण्याजोगी आणखी एक जागा आहे: रिव्हर्स कॅमेरा. त्याचा अर्थ मागे दिव्याच्या जवळ दिलेला असतो आणि व्हिडिओ केबलची जाळी पुढे युनिटला लागते, म्हणजे दोन अर्थ झाले. व्हिडिओचा पिवळा प्लग काढून बघा. शिट्टी थांबली तर कॅमेऱ्याचा अर्थही युनिटच्या अर्थवरूनच द्या. फक्त मोबाइल चार्जिंगला लावल्यावर शिट्टी येत असेल तर दोष चार्जरचा. हे सगळं करूनही राहिली, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर एसी व्होल्टमध्ये लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय. फिल्टर लावून आवाज दाबायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. त्याने कारण तसंच राहतं.

आतला दिवा आणि सेंट्रल लॉक: बसवणाऱ्याने बॅटरीची निगेटिव्ह न काढता काम केलं असणार. जिवंत पिवळी तार पत्र्याला लागली आणि फ्यूज उडाला. अनेक गाड्यांत आतला दिवा, लॉक आणि रेडिओची मेमरी एकाच फ्यूजवर असतात. बॉक्सच्या झाकणावर ‘डोम’ किंवा ‘रूम’ असं लिहिलेलं असतं. आता तुमच्या मनात येईल, की तो फ्यूज उडालाय तर स्टिरिओ कसा चालतोय? म्हणजे पिवळी तार मूळ कपलरवरून काढून दुसरीकडून कुठून तरी, कदाचित चावीच्या स्विचला बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेवरून घेतलीय. ती कुठून घेतलीय आणि तिच्या मुळाशी फ्यूज आहे का, हे शोधायलाच हवं. युनिटजवळच्या फ्यूजने युनिट वाचतं. जोडापासून युनिटपर्यंतची तार मधेच घासून पत्र्याला लागली तर तिला वाचवायला काहीच नसतं. मुंबईत बऱ्याच गाड्यांत सीएनजीचं वायरिंगही त्याच डॅशबोर्डखालून जातं, म्हणून मी यावर तडजोड करत नाही.

फ्यूज बदलताना त्यावरचा आकडाच बघा: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. १० च्या जागी ३० चालतो असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून गाडी परत घ्या. फ्यूज धड निघाला तर उघडा पॅनल पुन्हा बघा. हॅझर्डच्या बटणाचं किंवा एसी पॅनलचं कपलर परत लावायचं राहून गेलेलं असतं, हे अगदी नेहमीचं आहे.

जोड कसे केलेत तेही आत्ताच बघून घ्या. तारा पिळून काळी टेप गुंडाळली असेल, तर उन्हात उभ्या गाडीत तिचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत उघडं तांबं हिरवं पडतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बहुतेक चालू गाड्यांचे तयार हार्नेस मिळतात, गाडीचं कपलर एका बाजूला आणि स्टिरिओचं दुसऱ्या बाजूला. तार कापावीच लागत नाही. तुमची तार आधीच कापली असेल तर सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) स्लीव्ह घाला. स्पीकरच्या रेघवाल्या तारा कुठेही अर्थला जोडलेल्या नाहीत, हेही बघा. आताच्या युनिटमध्ये स्पीकरची निगेटिव्ह अर्थ नसते, पत्र्याला लागली तर आतला आवाजाचा आयसी (चिप) जातो.

हे करताना पिवळ्या रंगाच्या कपलरपासून लांब राहा, ते एअरबॅगचे असतात. एखादं सोडवावंच लागलं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, आणि ते परत लागेपर्यंत चावी फिरवू नका. फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

बसवणाऱ्याकडे परत गेलात तर ‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगू नका, तो पुन्हा बॅटरीकडेच बोट दाखवेल. मिलिअँपिअरचा आकडा आणि फ्यूज काढल्यावरचा आकडा मोबाइलवर फोटो काढून न्या आणि विचारा, ‘दादा, लाल कुठून घेतलीत, पिवळी कुठून घेतलीत आणि काळी कुठे आवळलीत, तेवढं उघडून दाखवा.’ चांगला कारागीर लगेच फ्रेम काढतो.

आणि दुरुस्ती झाल्यावर बॅटरी चार्जरवर लावा. पार रिकामी झालेली बॅटरी कांदिवली ते बोरिवली एका फेरीत भरत नाही. हायवेच्या ट्रॅफिकमध्ये एसी, दिवे आणि स्क्रीन चालू असताना मंद इंजिनावर अल्टरनेटरकडे तिच्यासाठी फारसं उरतच नाही. ३-४ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर ठेवा, मग काही तास तशीच राहू द्या आणि पुन्हा मोजा. १२.६ दाखवून दुसऱ्या सकाळीही १२.५ च्या वर टिकली, तर ती बॅटरी अजून वापरण्याजोगी आहे. चार्जर काढल्यावर, पट्ट्या सोडवलेल्या असतानाही एका रात्रीत १२.२ वर आली, तर महिनाभराच्या उपाशीपणाने ती आतून गेलीय आणि आता नवी घ्यायला हरकत नाही.